विषाला औषध म्हणणारा मुलूख

वऱ्हाडात कीटकनाशकाला कुणी कीटकनाशक म्हणत नाही. म्हणतात औषध. ‘आज पऱ्हाटीवर औषध मारलं’, ‘औषधाची बाटली धुऱ्यावरच राहिली’, ‘कृषी केंद्रवाल्याचे औषधाचे पैसे द्यायचे आहेत’. घरातल्या म्हाताऱ्यांच्या गोळ्याही औषधच. आणि कुणी आवाज खाली आणून ‘त्यानं औषध घेतलं’ असं म्हणालं, तर त्या घरी भेटायला जायचं असतं. एक शब्द, तीन अर्थ, आणि ऐकणाऱ्याची गल्लत कधीही होत नाही.

मी अकोला जिल्ह्यातल्या खारपाणपट्ट्यात वाढलो आणि बी. फार्म. करायला अमरावतीला गेलो. दुसऱ्या वर्षाला औषधशास्त्र शिकताना पाठ्यपुस्तकात एक तक्ता लागला. एकाच एन्झाइमला अडवणाऱ्या रसायनांची ती यादी होती. त्यात डोनेपेझिल आणि रिव्हास्टिग्मिन होतं, म्हणजे अल्झायमरच्या रुग्णांना देतात त्या गोळ्या. त्याच तक्त्यात थोडं खाली मॅलाथिऑन आणि कार्बारिल, म्हणजे फवारणीची औषधं. आणि शेवटी टॅबुन, सरिन, म्हणजे युद्धातले विषारी वायू. मास्तरांनी ‘परीक्षेला येतं, पाठ करा’ म्हणून सांगितलं आणि पुढं गेले. मला मात्र तो तक्ता आमच्या घरातल्या कपाटासारखा वाटला. वरच्या कप्प्यात आजीची डोनेपेझिलची पट्टी. तिला संध्याकाळ झाली की माहेरी जायची घाई होते, आणि माहेरचं घर पडून तीस वर्षं झालीत. खालच्या कप्प्यात, कुलूप लावून, काकाच्या फवारणीच्या बाटल्या. आमच्या गावच्या बोलीनं या दोन्ही गोष्टींना एकच नाव दिलं होतं, आणि शास्त्रानं त्या एका तक्त्यात ठेवल्या होत्या. बोलीला हे माहीत असणं शक्य नाही. पण ही जवळीक आली कुठून, हे शोधत गेलो तर गोष्ट फार लांबून, पश्चिम आफ्रिकेतून सुरू होते.

आधी त्या एन्झाइमबद्दल. आपल्या मज्जातंतूंच्या टोकाला दोन पेशींच्या मध्ये एक बारीक फट असते. विजेचा संदेश त्या फटीपर्यंत येतो आणि पलीकडं जाण्यासाठी एक रसायन सोडतो. स्नायू हलवणं, लाळ सुटणं, हृदयाचा वेग मंदावणं, डोळ्याची बाहुली आकसणं, आणि मेंदूत लक्ष आणि स्मरण, या सगळ्यांत जे रसायन वापरलं जातं त्याचं नाव असेटिलकोलिन. निरोप पोचला की ते लगेच पुसावं लागतं. नाहीतर दाराची घंटा दाबलेलीच राहावी तसं होतं. पुसण्याचं काम असेटिलकोलिनेस्टेरेज नावाचं एन्झाइम करतं, आणि त्याचा एक रेणू सेकंदाला असेटिलकोलिनचे हजारो रेणू तोडतो. शरीरातल्या सर्वांत वेगवान एन्झाइमांपैकी ते एक. एवढ्या वेगवान कामगाराचे हात बांधले की काय होतं, हे माणसाला एन्झाइमचं नाव कळण्याच्या कितीतरी आधी ठाऊक होतं.

आजच्या नायजेरियातल्या कालाबारमध्ये एफिक लोक न्यायनिवाड्यासाठी एक घेवड्यासारखी बी वापरत. आरोपीनं ती बी खायची. उलटी होऊन वाचला तर निर्दोष. १८५५ साली एडिंबरोचे प्राध्यापक रॉबर्ट ख्रिस्टिसन यांनी त्या बीचा तुकडा स्वतःच खाऊन पाहिला आणि मरता मरता वाचले. त्या काळच्या शास्त्रज्ञांची ही सवय आजच्या कुठल्याही नैतिक समितीला परवडणारी नाही. १८६४ मध्ये त्या बीतलं सक्रिय द्रव्य वेगळं काढलं गेलं. त्याला फिसोस्टिग्मिन म्हणतात. त्याच शहरात टॉमस फ्रेझर यांनी पुढं दाखवून दिलं की ॲट्रोपिन या दुसऱ्या वनस्पतिजन्य विषानं फिसोस्टिग्मिनचा परिणाम उतरवता येतो. विषाला विषाचा उतारा, आणि तोही प्राण्यांवर मोजून मापून सिद्ध केलेला.

ॲट्रोपिन आपल्याला परकं नाही. ते धोतऱ्यात असतं. आमच्याकडं कोणत्याही उकिरड्याजवळ, नाल्याच्या काठाला पांढरी तुतारीसारखी फुलं घेऊन उभा असतो तो धोतरा. (यावरून कुणी घरगुती उपाय करू नये. धोतऱ्यात द्रव्य किती आहे ते झाडागणिक बदलतं आणि त्यानंही माणसं मरतात.) फवारणीच्या विषबाधेवर जिल्हा रुग्णालयात जे इंजेक्शन पहिल्यांदा टोचतात ते हेच ॲट्रोपिन. म्हणजे ज्या शेतात विष फवारलं जातं, त्याच्या धुऱ्यावर उताऱ्याचं झाड उगवलेलं असतं. हे मला कळलं तेव्हा काही दिवस मी धोतऱ्याकडं वेगळ्या नजरेनं पाहत होतो.

फिसोस्टिग्मिन नेमकं काय करतं हे कळण्याची वाट मात्र १९२१ मध्ये उघडली. ऑस्ट्रियात ग्राझला ऑटो लोवी नावाचे शास्त्रज्ञ होते. मज्जातंतूचा संदेश पलीकडं विजेनं जातो की रसायनानं, हा त्या काळचा मोठा वाद. लोवींना प्रयोग स्वप्नात सुचला असं ते सांगत. पहिल्या रात्री अर्धवट झोपेत त्यांनी टिपण केलं, सकाळी ते वाचताच येईना. दुसऱ्या रात्री स्वप्न पुन्हा पडलं, तेव्हा उठून थेट प्रयोगशाळेत गेले. दोन बेडकांची हृदयं काढून वेगवेगळ्या द्रावणात ठेवली. पहिल्या हृदयाच्या व्हेगस मज्जातंतूला झटका दिला, ते मंदावलं. त्याचं द्रावण घेऊन दुसऱ्या हृदयावर टाकलं, तर तेही मंदावलं. दुसऱ्या हृदयाला कुठलाही झटका दिलेला नव्हता. निरोप पाण्यातून गेला होता. ते द्रव्य असेटिलकोलिन आहे हे पुढं स्पष्ट झालं, आणि त्यात लंडनच्या हेन्री डेल यांचा मोठा वाटा होता. आज नैराश्य, पार्किन्सन, स्किझोफ्रेनिया यांवर जी औषधं आहेत, त्यांच्यामागचा विचार या बेडकांच्या हृदयांपासून सुरू होतो.

लोवी आणि डेल यांना १९३६ चं नोबेल मिळालं. समारंभ १० डिसेंबरला स्टॉकहोममध्ये झाला. त्यानंतर तेराच दिवसांनी, २३ डिसेंबर १९३६ ला, जर्मनीत लेव्हरकुसेनला गेऱ्हार्ड श्राडर या रसायनशास्त्रज्ञानं एक नवं संयुग तयार केलं. श्राडर माव्यावर औषध शोधत होता. (मावा म्हणजे काय हे वऱ्हाडात समजावून सांगायची गरज नाही.) दोन लाख भागांत एक भाग एवढं पातळ केलेलं ते द्रव्य माव्याचा एकूण एक किडा मारत होतं. जानेवारीत काम करता करता श्राडर आणि त्याचा सहायक यांच्या डोळ्यांच्या बाहुल्या आकसल्या, श्वास घ्यायला त्रास होऊ लागला आणि पुढं काही आठवडे काम थांबवावं लागलं. माव्यावरचं औषध माणसालाही तितकंच लागू पडत होतं. ते संयुग पुढं टॅबुन या नावानं जर्मन लष्कराकडं गेलं. त्यानंतर सरिन आलं. आणि ज्या लोवींच्या शोधामुळं हे सगळं कसं चालतं ते जगाला समजलं होतं, त्यांना १९३८ मध्ये नाझींनी ज्यू म्हणून तुरुंगात टाकलं आणि नोबेलची रक्कम त्यांच्या ताब्यातल्या बँकेत भरायला लावून देशाबाहेर घालवलं.

त्याच डिसेंबरात, टॅबुननंतर चार दिवसांनी, आमच्या शेजारच्या खानदेशात फैजपूरला काँग्रेसचं अधिवेशन भरलं. खेड्यात भरलेलं पहिलं अधिवेशन, अध्यक्ष जवाहरलाल नेहरू. शेतसारा, कर्ज, कुळांचे हक्क असा शेतकऱ्यांचा कार्यक्रम तिथं मंजूर झाला. लेव्हरकुसेनचं कुणाला काही माहीत असण्याचं कारण नव्हतं. पण पुढच्या पन्नास वर्षांत वऱ्हाडच्या कापूसवाल्याच्या पाठीवर जे येणार होतं, ते त्याच आठवड्यात जन्मलं होतं.

लष्कराची रसायनं बाजूला ठेवून श्राडर शेतीचं काम करतच राहिला. १९४४ मध्ये त्यानं पॅराथिऑन बनवलं. युद्धानंतर ते जगभर विकलं गेलं, आणि भारतात त्याचं नाव होतं फॉलिडॉल. १९५८ मध्ये केरळात अन्नधान्याच्या वाहतुकीत फॉलिडॉल सांडलं आणि ते मिसळलेलं अन्न खाऊन शंभराहून अधिक माणसं मेली. त्या चौकशीतून निघालेली वाट दहा वर्षांनी १९६८ च्या कीटकनाशक कायद्यापर्यंत गेली. म्हणजे भारतातला हा कायदा मुळात विषबाधेतून आलेला आहे, उत्पादनवाढीतून नव्हे. आज त्याची चर्चा बहुतेक वेळा बनावट औषधांच्या संदर्भात होते, म्हणून हे सांगून ठेवलं.

त्या काळात शेतीचं काम पाहणारे केंद्रातले मंत्री अमरावती जिल्ह्यातल्या पापळचे होते. पंजाबराव देशमुख. त्यांच्या नावाचं कृषी विद्यापीठ त्यांच्या मृत्यूनंतर चार वर्षांनी, १९६९ च्या ऑक्टोबरात, अकोल्यात उभं राहिलं. वऱ्हाडात कापूस काही तेव्हा नवा नव्हता. अमेरिकेतल्या यादवी युद्धात लँकेशायरच्या गिरण्या उपाशी पडल्या तेव्हाच इंग्रजांनी या काळ्या जमिनीकडं डोळे लावले होते आणि अमरावती, खामगावच्या बाजारांपर्यंत रेल्वे आणली होती. पण तो कापूस बराचसा गावरान होता. आखूड धाग्याचा, कमी उत्पन्नाचा, आणि रसशोषक किडींना बऱ्यापैकी दाद न देणारा. १९७० मध्ये सुरतेहून ‘एच-४’ हे कपाशीचं पहिलं व्यापारी संकरित वाण आलं, मग आणखी आली. धागा लांब झाला, बोंडं मोठी झाली, पानं लुसलुशीत झाली. आणि तुडतुडे, मावा, फुलकिडे, बोंडअळी यांची चांदी झाली. फवारणी ही त्या कापसाची अटच होती. देशात कपाशीखालचं क्षेत्र लागवडीच्या पाच टक्क्यांच्या आसपास आणि कीटकनाशकाचा जवळपास अर्धा खप एकट्या कपाशीवर, असं नव्वदच्या दशकात सर्रास सांगितलं जाई.

गावच्या बोलीनं हा इतिहास नावांमध्ये जपला आहे. माझ्या आजोबांच्या पिढीला कुठलंही फवारणीचं द्रव्य म्हणजे ‘एंड्रिन’. माझ्या काकाच्या पिढीला ‘रोगर’ आणि ‘मोनो’. एंड्रिन वेगळ्या कुळातलं, ते मेंदूतला ब्रेक काढून घेतं आणि झटके आणतं. रोगर आणि मोनोक्रोटोफॉस हे मात्र श्राडरच्याच कुळातले, म्हणजे ऑर्गॅनोफॉस्फेट. कार्बारिलचं कूळ फिसोस्टिग्मिनचं, कालाबारच्या बीचं. भोपाळच्या कारखान्यात १९८४ च्या त्या रात्री जो वायू सुटला, तो याच कार्बारिलसाठी साठवलेला कच्चा माल होता. ‘सेव्हिन’ या नावानं ते विकलं जाई. वायूचं विष वेगळ्या तऱ्हेचं होतं, पण तो तिथं होता तो शेतावरच्या किडीसाठी.

किडीनं काय केलं, हीही मेंदूच्याच शास्त्राची गोष्ट आहे. अळीला आणि आपल्याला असेटिलकोलिन सारखंच. वर्षानुवर्षं तेच औषध मारल्यावर ज्या थोड्या किड्यांच्या एन्झाइमचा आकार जरासा वेगळा होता, त्यांना विष चिकटेना. ते वाचले आणि त्यांचीच पिलावळ वाढली. शेतकरी म्हणाला, ‘आता हे औषध चालत नाही बापा, कडक देजो.’ मग दोन औषधं मिसळणं आलं, मग तीन. २००२ मध्ये बीटी कापूस आला. बीटीचं प्रथिन अळीच्या आतड्यावर काम करतं, मेंदूवर नाही, म्हणून काही वर्षं फवारण्या खरोखर कमी झाल्या. पण रसशोषक किडींना बीटीचं काही वाटत नव्हतं, आणि गुलाबी बोंडअळीनं त्यालाही तोंड देणं शिकून घेतलं.

माणसाच्या पिढ्या इतक्या लवकर बदलत नाहीत. आपला एन्झाइम कालाबारच्या आरोपीचा होता तोच आहे.

२०१७ चा पावसाळा. यवतमाळ जिल्ह्यात वीसहून अधिक शेतकरी आणि मजूर फवारणीनंतर दगावले, शेकडो दवाखान्यात भरती झाले, अनेकांना काही काळ दिसेनासं झालं. यवतमाळ म्हणजे जुन्या वऱ्हाड प्रांताचाच भाग. अकोला, अमरावती, बुलढाण्यातूनही मृत्यूच्या बातम्या येत होत्या. अमरावतीच्या विभागीय आयुक्तांच्या अध्यक्षतेखाली विशेष तपास पथक नेमलं गेलं. त्या वर्षी पऱ्हाटी माणसाच्या डोक्यावर गेली होती, त्यामुळं फवारा वर धरावा लागे आणि तुषार तोंडावर येत. हवा दमट आणि कोंदट. हातपंपाऐवजी इंजिनवाले चिनी पंप आले होते, ते कमी वेळात जास्त धूर करत. एका टाकीत दोन-तीन औषधं, वर टॉनिक. अंगात बनियन, तोंडाला दुपट्टा. मजुरी पंपामागं ठरलेली, म्हणजे जेवढे पंप जास्त तेवढे पैसे जास्त. त्या नोव्हेंबरात यवतमाळ, अकोला, अमरावती, बुलढाणा, वाशीम या पाच जिल्ह्यांत पाच कीटकनाशकांच्या विक्रीवर काही काळासाठी बंदी आली. त्यांत मोनोक्रोटोफॉस, ॲसिफेट आणि प्रोफेनोफॉसचं मिश्रण होतं, म्हणजे तीन श्राडरच्या कुळातली. उरलेली दोन पूर्णपणे वेगळ्या रीतीनं काम करणारी.

हा फरक महत्त्वाचा आहे. ऑर्गॅनोफॉस्फेटची बाधा असेल तर ॲट्रोपिन जीव वाचवतं. नसेल तर त्याच इंजेक्शनानं नुकसान होऊ शकतं. कोणती बाधा आहे हे कळायला रक्तातलं कोलिनेस्टेरेज मोजायची एक तपासणी आहे. कित्येक दशकं जुनी, फार महाग नाही. यवतमाळमध्ये त्या महिन्यांत ती होत नव्हती, हा मुद्दा पुढं चर्चेत आला. आपण एमआरआय आणि न्यूरालिंकच्या गोष्टी वाचतो, आणि मज्जातंतूंच्या शास्त्रातली ही सर्वांत साधी, सर्वांत जुन्या तपासण्यांपैकी एक, कापसाच्या जिल्ह्यात हाताशी नसते. मला या गोष्टीचा राग येतो, आणि तो लपवायची गरज वाटत नाही.

उपचाराचा इतिहासही सरळ नाही. ऑर्गॅनोफॉस्फेट एन्झाइमला चिकटतं ते घट्ट. सुरुवातीच्या काही तासांत त्याला खेचून काढता येतं, नंतर ते कायमचं बसतं आणि शरीराला नवं एन्झाइम बनवेपर्यंत वाट पाहावी लागते. खेचून काढणारं रसायन, प्रॅलिडॉक्सिम, न्यूयॉर्कमध्ये अर्विन विल्सन यांनी १९५५ मध्ये पुढं आणलं. शास्त्रज्ञ त्या वेळी लष्कराच्या चिंतेत होते, शेतमजुराच्या नव्हे. शेतमजुरावर ते नीट तपासलं गेलं ते अर्ध्या शतकानंतर, आणि त्यातला एक महत्त्वाचा प्रयोग महाराष्ट्रातला आहे. बारामतीच्या एका रुग्णालयातल्या डॉक्टरांनी २०० रुग्णांवर केलेला अभ्यास २००६ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आला. थोड्या थोड्या वेळानं इंजेक्शन देण्यापेक्षा सलग थेंबाथेंबानं मोठा डोस दिला तर रुग्ण जास्त वाचतात, असं त्यात दिसलं. तीन वर्षांनी श्रीलंकेतल्या प्रयोगात याच औषधाचा फायदा दिसला नाही. वाद अजून मिटलेला नाही. श्रीलंकेतल्याच डॉक्टरांनी १९८७ मध्ये आणखी एक गोष्ट नोंदवली होती. रुग्ण शुद्धीवर येतो, घरचे निर्धास्त होतात, आणि एक ते चार दिवसांनी त्याची मान उचलेनाशी होते, श्वासाचे स्नायू थकतात. आमच्याकडं ‘आता बरा हाये, घरी नेतो’ म्हणून उचलून नेलेले पेशंट पुन्हा का बिघडतात, याचं उत्तर यात आहे. मान उचलता येते का, हे पाहायला कुठलंही यंत्र लागत नाही.

श्रीलंकेनं दुसरंही काही केलं. नव्वदच्या दशकाच्या मध्यापासून सर्वांत जहाल कीटकनाशकं, मोनोक्रोटोफॉससकट, एकेक करून बंद केली. १९९५ नंतरच्या वीस वर्षांत तिथलं आत्महत्यांचं प्रमाण सुमारे ७० टक्क्यांनी खाली आलं, आणि पिकाचं उत्पन्न घटलं नाही. माणसाचा तो वाईट क्षण बहुतेक वेळा निघून जाणारा असतो, तेवढ्या वेळात हाताला काय लागतं यावर सगळं ठरतं. अमरावती विभागात आत्महत्यांची कारणं शोधताना आपण कर्ज, पाऊस, भाव यांबद्दल बोलतो, आणि बोललंच पाहिजे. पण कपाटातल्या बाटलीबद्दल फारसं बोलत नाही. भारतात २०१८ मध्ये अठरा कीटकनाशकांवर बंदीचा आदेश निघाला. मोनोक्रोटोफॉसच्या ३६ टक्क्यांच्या द्रावणावर गदा यायला २०२३ उजाडलं.

आता वरच्या कप्प्याकडं. १९७६ मध्ये एडिंबरोच्या शास्त्रज्ञांनी अल्झायमरनं गेलेल्या लोकांचे मेंदू तपासले, तेव्हा असेटिलकोलिन तयार करणारं एन्झाइम त्यांत फार कमी झालेलं दिसलं. निरोप देणारे कमी झाले असतील तर पुसणाऱ्याला थोडं थोपवा, म्हणजे उरलेला निरोप जास्त वेळ टिकेल, असा विचार पुढं आला. श्राडरनं किड्यात जे केलं तेच, पण हळू, मोजून आणि उलटवता येईल असं. १९९१ मध्ये इस्रायलच्या वाइझमन संस्थेतल्या जोएल ससमन आणि इस्रायल सिलमन यांनी विद्युत माशातल्या या एन्झाइमचा आकार दाखवला. आत एक खोल, अरुंद दरी, आणि तिच्या तळाशी तोडण्याचं काम करणारी जागा. डोनेपेझिल त्या दरीत जाऊन बसतं आणि काही काळानं निघूनही जातं. मोनोक्रोटोफॉस तळाशी जाऊन वेल्डिंग करतं.

डोनेपेझिल जपानमध्ये हाचिरो सुगिमोटो यांच्या गटानं शोधलं, आणि सुगिमोटोंच्या आईला डिमेंशिया झाला होता. रिव्हास्टिग्मिन जेरुसलेमच्या मार्टा वाइनस्टॉक यांचं, आणि ते फिसोस्टिग्मिनच्या कुळातलं, म्हणजे सेव्हिनचं दूरचं भावंडं. पण या सगळ्यांत मला सर्वांत विलक्षण वाटली ती मेट्रिफोनेटची हकीगत. ट्रायक्लोरफॉन नावाचं एक जुनं ऑर्गॅनोफॉस्फेट कीटकनाशक आहे. मेट्रिफोनेट म्हणजे तेच. नव्वदच्या दशकात ते अल्झायमरच्या रुग्णांना गोळी म्हणून देऊन पाहिलं गेलं, मोठ्या चाचण्या झाल्या, स्मरणात थोडी सुधारणाही दिसली. १९९८ मध्ये काही रुग्णांचे स्नायू अशक्त झाले, काहींना श्वासासाठी यंत्र लागलं, आणि काम थांबलं. म्हणजे फवारणीचं औषध खरोखरच आजीच्या औषधाच्या जागी पोचता पोचता राहिलं.

भारतात साठीपुढच्या सुमारे ७.४ टक्के लोकांना डिमेंशिया असावा, म्हणजे अंदाजे ८८ लाख माणसं, असा २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेला अंदाज आहे. डोनेपेझिल आजार थांबवत नाही. काही महिने, कधी वर्षभर, उतार जरा सौम्य करतं. आजी गोळी सुरू झाल्यावर काही दिवस काकाला नावानं हाक मारत होती. आता पुन्हा ‘भाऊ’ म्हणते. नवी प्रतिपिंडांची औषधं, मेंदूतला अमायलॉइडचा साठा साफ करणारी, गेल्या काही वर्षांत मोठ्या देशांत आली आहेत. त्यांच्यासाठी वारंवार एमआरआय लागतो आणि किंमत वऱ्हाडातल्या कुठल्याही कापूस उत्पादकाच्या आवाक्याबाहेरची आहे.

आणि या दोन कप्प्यांच्या मध्ये एक प्रश्न आहे, ज्यावर अजून काम सुरू आहे. एकदम बाधा न होता, वर्षानुवर्षं थोडं थोडं विष अंगावर घेणाऱ्याच्या मेंदूचं काय होतं? वेगवेगळ्या देशांतल्या फवारणाऱ्यांच्या अनेक अभ्यासांत लक्ष, स्मरण आणि मनःस्थिती यांवर परिणाम दिसलाय, काहींत फारसा दिसला नाही. पार्किन्सनच्या बाबतीत संशय जास्त जुना आहे. १९८२ मध्ये कॅलिफोर्नियात भेसळीचा अमली पदार्थ घेतलेल्या तरुणांना रातोरात पार्किन्सनसारखा आजार झाला, आणि त्यातलं द्रव्य शरीरात गेल्यावर ज्या रूपात बदलतं ते पॅराक्वाट या तणनाशकासारखं दिसतं, हे लक्षात आल्यावर शेतीतल्या रसायनांकडं मेंदूचे शास्त्रज्ञ नीट पाहू लागले. काका पंचवीस वर्षं फवारतोय. त्याला अलीकडं झोप लागत नाही, चिडचिड होते. ‘मले काई होत नाई’ असं तो म्हणतो. विषामुळं, कर्जामुळं की वयामुळं, हे मी सांगू शकत नाही, आणि कुठलाही डॉक्टर आज खात्रीनं सांगू शकणार नाही. कारण पंचवीस वर्षांपूर्वीचा त्याचा आकडा कुणी घेतलेलाच नाही.

कॅलिफोर्नियातही कापूस पिकतो. तिथं १९७४ पासून नियम आहे. जो कामगार जहाल ऑर्गॅनोफॉस्फेट किंवा कार्बामेट नियमितपणे हाताळतो, त्याच्या रक्तातलं कोलिनेस्टेरेज हंगामाआधी मोजून ठेवायचं. मग हंगामात वेळोवेळी. लाल पेशींतला आकडा स्वतःच्या मूळ आकड्याच्या ७० टक्क्यांवर किंवा खाली आला, की त्याला त्या कामावरून हटवायचं, आणि तो पुन्हा वर येईपर्यंत औषधाला हात लावू द्यायचा नाही. तुलना दुसऱ्या कुणाशी नसते, स्वतःशीच असते, कारण प्रत्येकाचा मूळ आकडा वेगळा. म्हणून सगळी मदार त्या पहिल्या तपासणीवर, जी पंप पाठीवर घेण्याआधी व्हायला हवी. आमच्याकडं ती करायची तर मृग लागण्याच्या सुमारास करावी लागेल. तेव्हा सगळे बियाण्याच्या रांगेत असतात. तालुक्याच्या गावी, कृषी केंद्रासमोर, एकाच ठिकाणी.